खांद्यावर हात नको

स्टुडिओत फोटो काढायला कुटुंब आलं की त्यातला एक जण हमखास फोटोग्राफरला बाजूला घेतो आणि म्हणतो, "एवढं जरा सांभाळून घ्या." तुम्ही-आम्हीही कधी ना कधी म्हटलंच असेल. फोटोग्राफर मास्तरांच्या स्टुडिओत त्या दिवशी ते म्हणाला आलेल्या कुटुंबातला थोरला भाऊ.

"माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासरी फोटो पाठवायचाय. सगळ्यांना एकत्र घ्या, पण ती हिरव्या कपड्यातली माझी धाकटी बहीण आहे ना, तिला नंतर काढून टाका. तोंडावर भाजल्याचा डाग आहे, उगाच चौकशा नकोत. आत्ता मात्र बोलू नका, आई रडत बसेल."

मास्तरांनी मान डोलावली. असली कामं त्यांच्या अंगवळणी पडली होती. ज्याला काढायचं त्याला कडेला उभं करायचं, इतरांपासून वीतभर लांब ठेवायचं आणि त्याच्या खांद्यावर कुणाचा हात येऊ द्यायचा नाही. हात आला की पंचाईत, माणूस गेला तरी हात उरतो. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, आपल्या बापाचं काय जातं, हा त्यांचा हिशेब!

सगळे रांगेत उभे राहिले. म्हाताऱ्या आईची खुर्ची नेमकी धाकटीच्या जवळ आली. मास्तर कॅमेऱ्यातून बघतात तो काय, म्हातारीनं लेकीचा हात धरलेला.

"आजी, हात जरा खाली घ्या. फोटो हलतो."

"हातानं कसा हलेल रे?" म्हणत म्हातारीनं हात आणखी घट्ट धरला.

तेव्हा लेकच वाकून म्हणाली, "सोड आई. तू हात धरलास की त्यांना मला कापता येत नाही."

थोरला भाऊ छताकडे बघू लागला.

"तसं नाही, ताई..." मास्तर चाचरले.

"तसंच आहे. मधल्या दादाच्या लग्नात फोटो काढायला तुम्हीच होतात. असाच आईला हात खाली घ्यायला लावलात. मी किती हौसेनं उभी होते. फोटो घरी आला, त्यात मी नव्हते."

मास्तरांना तिचा चेहरा काही केल्या आठवेना. इतक्या जणांना त्यांनी फोटोतून घालवलं होतं की त्यातली ही कोण, हेही ध्यानात नव्हतं. त्यांची कानशिलं तापली. दिव्याची वायर बघतो, असं काहीतरी पुटपुटत ते पडद्यामागे गेले. तिथं त्यांची बायको कॉम्प्युटरवर फोटो साफ करत बसायची.

"ऐकलं मी," ती मान न वळवता म्हणाली. "त्यांना फोटोतून मीच पुसून टाकलं होतं. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणायचं?"

"मुरमं घालवा म्हणून ज्याची मुरमं तोच सांगतो. ते काम मी आनंदानं करते. पण इथं चेहरा एकीचा आणि हुकूम दुसऱ्याचा. अहो, माणूस गेलं की त्याचा एखादा तरी फोटो सापडतो का म्हणून लोक आपल्याकडे रडत येतात. आणि जितंजागतं माणूस समोर उभं असताना आपण त्याला घालवतो. लाज वाटायला हवी आपल्याला."

मास्तर बाहेर आले आणि सगळ्यांदेखत थोरल्याला म्हणाले, "हे काम मी करणार नाही. फोटो काढीन तो सगळ्यांचा, आणि त्यातून कुणीही जाणार नाही."

"मग आम्ही दुसरीकडे जातो," तो तडकला.

"तुम्ही जा, बाबा," त्याची मुलगी म्हणाली. लग्न तिचंच ठरत होतं. "मी आत्याबरोबर थांबते. ज्या घराला आत्या चालत नाही, तिथं मला तरी कशाला पाठवता?"

थोरला बहिणीसमोर जाऊन खाली मानेनं म्हणाला, "माझं चुकलं गं."

मास्तरांकडे वळून तिनं विचारलं, "तो लग्नातला फोटो, माझ्यासकटचा, मिळेल का?"

"नाही, ताई. मूळचा ठेवलाच नव्हता." मास्तरांनी हात जोडले. "माफ करा मला."

"बरं," ती म्हणाली आणि आईजवळ जाऊन बसली.

वाचकहो, त्या दिवसापासून मास्तर प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतात की ज्याचा चेहरा, त्याला विचारल्याशिवाय मी त्या चेहऱ्याला हात लावणार नाही. काही गिऱ्हाइकं तुटली, ती तुटोत. आपण फोटो काढत असू, कापडं शिवत असू की कचेरीत बसत असू, दुसऱ्याला पुसून टाकायचं काम कधीतरी आपल्यापुढे येतंच. तेव्हाच नाही म्हणावं. नंतर म्हटलं तर हातात नुसती माफी उरते, आणि मास्तरांनी मागितलेली माफी त्या बाईच्या काय कामाची होती?