नववीचं कोण शिकवणार?

"सर, अकरावीचं तुम्ही शिकवता, ते ठीक. पण आम्ही आहोत नववीत. नववीचं कोण शिकवणार?"

तिने विचारून टाकलं एकदाचं! मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी पैज लावली होती, की क्लासच्या पालकसभेत हिची दातखीळ बसणार. बसली नाही. उलट आवाज असा खणखणीत निघाला, की दाराशी डुलक्या काढणारा शिपाईसुद्धा दचकला.

क्लासचे सर गोड हसले. पोरं त्यांना 'दुर्बीण सर' म्हणत. लांबचं सगळं लख्ख दिसायचं, समोरचं पोर तेवढं दिसायचं नाही. "बाळ, तू ज्या जगात नोकरी करशील ते अजून जन्माला यायचंय. आणि तू नववीत अडकलीस?"

पालकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात तिच्या बाबांनी.

अडकली होती हे मात्र खरं. शाळेच्या विज्ञानाच्या पेपरात आरशाबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. हिने क्लासात शिकलेल्या फोटॉनवर दीड पान खरडलं. बाईंनी 'विचारलं काय, लिहिलंस काय?' असा शेरा मारून नापास केलं. फेरपरीक्षेतही तेच झालं, तर मैत्रिणी दहावीत आणि ही पुन्हा नववीत.

घरी त्या नापास पेपरचं कोण कौतुक! "पोरगी काळाच्या पुढे आहे, शाळाच मागे पडली," बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आता तर तिला थेट बारावीच्या तुकडीत घालणार होते. बाबांचं बुटांचं दुकान. गिऱ्हाइकाच्या पोराचा अंगठा चाचपून अगदी मापाचा बूट देणारा हा माणूस स्वतःच्या लेकीला दोन नंबर मोठा आणायचा. "वाढतं अंग आहे!" अंग वाढेपर्यंत बूट फाटायचा. मग पुन्हा दोन नंबर मोठा.

पण बाबांना नुसतं हसायचीही पंचाईत. आजोबांनी आत्याला चौथीनंतर घरी बसवलं होतं. हिच्या वेळी तोच सल्ला द्यायला सगळे काका जमले, तेव्हा बाबा एकटे ताठ उभे राहिले. "जग बदलतंय. ही शिकणार. तुम्ही चहा घ्या आणि निघा." अशा माणसाला 'पुढचं बघणं बंद करा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

सभेहून परत आल्यावर आईने बारावीची पुस्तकं टेबलावर मांडली, कव्हरं घालून. आत्या आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, आपल्या बाबांनी माझ्या उद्याचा विचार केला नाही. तू हिच्या आजचा करत नाहीस. या घराण्यात दोन्ही डोळे उघडे असलेलं कुणी जन्मलंच नाही का रे?"

"वन्सं, स्पर्धा किती वाढलीय, तुम्हाला नाही कळायचं," आई म्हणाली.

"कसं कळणार? चौथीच शिकले ना."

आई पुस्तकांची कव्हरं सारखी करू लागली.

लेकीने पुस्तकांचा गठ्ठा उचलून कपाटावर ठेवला.

"आई, बाबा, विचारत नाहीये, सांगतेय. बारावीच्या तुकडीत मी बसणार नाही. अकरावीचा क्लासही उद्यापासून बंद. फेरपरीक्षा होईपर्यंत फक्त नववी. पुढचं शिकणारच आहे मी, काकांच्या नाकावर टिच्चून शिकणार आहे. पण आधी मला नववीतून बाहेर तर पडू द्या."