कोल्ह्याची शिकवणी

घरचे तिला गोगलगाय म्हणत, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारी. जरा सवड मिळाली, की पाठीवर सॅक टाकून ही बया निघालीच. लग्नाचा विषय काढला की सॅकचे पट्टे आवळायला लागते, असं तिची आई म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. या बेटावर मात्र ती एका दिवसापुरतीच आली होती, तीही भाचीच्या हट्टापायी. "मावशी, तिथले कोल्हे माणसांना घाबरत नाहीत. तुझ्या हातून खातानाचा फोटो हवा मला," असं भाचीने बजावलं होतं. मावशीने मागचापुढचा विचार न करता शब्द देऊन टाकला होता.

लाँचमधून उतरल्या उतरल्या धक्क्यावर मोठी पाटी होती : प्राण्यांना काहीही खायला घालू नये. तिने ती वाचली. पाट्या दुसऱ्यांसाठी असतात असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, तसं तिलाही वाटलं.

कोल्हा पायवाटेवरच भेटला. गोष्टीतला कोल्हा कसा लबाड, लांबून अंदाज घेणारा. हा अगदीच भोळा निघाला. सरळ आला आणि पुढचा पाय तिच्या बुटावर ठेवून उभा राहिला. तिने बिस्कीट पुढे केलं, दुसऱ्या हाताने फोटो काढला. त्याची ओली जीभ तळहाताला लागली तेव्हा ती खुदकन हसली.

"झालं समाधान?" मागून कुणीतरी म्हणालं.

बेटाचा रखवालदार होता. वयस्कर माणूस, खांद्याला बंदूक, चेहऱ्यावर रागापेक्षा थकवा जास्त.

"चुकलं काका. एकच बिस्कीट दिलं हो. दंड असेल तर भरते."

"तू कशाला भरतेस? तो भरेल की."

मग त्याने सांगितलं. हातातून खायची चटक लागलेला कोल्हा पुढे हातालाच तोंड घालतो. मागच्या उन्हाळ्यात एका लहान मुलीचं बोट गेलं. तेव्हापासून वरून हुकूम आहे : हातून खाणारं जनावर ठेवायचं नाही. परतीची लाँच सुटली, की रखवालदार त्या कामाला निघतो.

"म्हणजे याला आज गोळी घालणार?"

"मला काय हौस आहे?" म्हातारा भडकला. "एवढंसं पिल्लू होतं, तेव्हापासून बघतोय मी याला!"

तिने हात जोडले, रडली, शपथा घातल्या. शेवटी तो नाइलाजाने म्हणाला, "लाँचच्या वेळेला हा धक्क्यावर येतोच. माणूस बघून पळाला, तर मी आज काही पाहिलं नाही. जवळ आला, तर माझा इलाज खुंटला. तोवर घाल त्याला भीती, जमलं तर."

तिने शिकवणी सुरू केली. "हाड! हाड!" करून पाय आपटले. कोल्ह्याला वाटलं, खेळ आहे. तिने शेजारी खडा फेकला. तो खड्यामागे धावला, परत येऊन पुढच्या खड्याची वाट बघत बसला. मग तिने डोळे मिटून दगड मारला आणि तो त्याच्या बरगडीला लागला. तो केकाटला. थोडा वेळ नुसता बघत राहिला आणि मग पोट जमिनीला घासत पुन्हा तिच्याकडेच आला. चूक तिची, आणि माफी तो मागत होता.

"घाबर ना रे मेल्या! घाबर!" ती ओरडली आणि तिने काठी उचलली.

जिने भाचीला कधी चापटसुद्धा मारली नव्हती, तिने त्या मुक्या जिवाला बदडलं. मागच्या पायावर काठी बसली तेव्हा कुठे तो पळाला, तीन पायांवर. ती तिथेच मातीत बसून ढसाढसा रडली. दुपार उलटल्यावर तिने त्याला पुन्हा शोधून काढलं. तिला लांबून पाहताच तो शेपूट पायात घालून झुडपात शिरला. जमलं होतं. स्वतःची किळस येत होती, तरी तिला हायसं वाटलं.

संध्याकाळी धक्क्यावर माणसं लाँचमध्ये चढत होती. रखवालदार एका बाजूला उभा होता. झुडपाच्या कडेला कोल्हा दिसला. नुकताच बाहेर येत होता, तोच त्याची नजर तिच्यावर पडली आणि तो जागच्या जागी थिजला. रखवालदाराने हाक मारली. कोल्हा हलला नाही. जरासुद्धा कसर नको म्हणून तिने काठी उगारली.

कोल्हा पळाला. तिचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच तिला दिसलं की तो कुठे पळतोय. लंगडत, जिवाच्या आकांताने तो रखवालदाराकडे गेला, त्याच्या दोन्ही पायांच्या मधे शिरला आणि तिथून थरथरत तिच्याकडे बघू लागला. या बाईपासून वाचवणारं त्याला तिथे दुसरं कोण होतं?

"काका, तो पळाला ना! पळाला ना तो!"

रखवालदार खाली वाकला. त्याने कोल्ह्याच्या मानेवर हात ठेवला, पण तिच्याकडे काही पाहिलं नाही.

"जा पोरी," तो म्हणाला. "लाँच सुटेल."

तिला लाँचवरच्या दोघांनी धरून आत चढवलं. धक्का मागे पडू लागला. ती कठड्याला धरून बघत राहिली. अंतर वाढलं तसं कोल्ह्याचं थरथरणं थांबलं. तो पायांमधून बाहेर आला, दुखरा पाय चाटला आणि रखवालदाराच्या बुटांना टेकून निवांत बसला.