येसर कुणावर टाकायचं

तात्यासाहेबांनी स्टीलचा डबा गिरणीच्या ओट्यावर ठेवला आणि खिशातून धुतलेलं पांढरं फडकं काढून आवडाबाईंपुढं धरलं.

"मसाल्याची चक्की आतून पुसून घ्या. मूठभर तांदूळ आणलेत. ते आधी फिरवा, मग आमचं टाका."

आवडाबाईंनी फडकं घेतलं नाही. पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्या वर करून त्यांनी डब्यात पाहिलं. भाजलेले गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरे, दगडफूल, मिरच्या.

"पुन्हा येसर? ही चौथी खेप तात्यासाहेब. लगीन काढलंय का घरात?"

"लेकीला पाठवायचंय. जर्मनीला."

"मागल्या तीन डब्यांचं काय झालं?"

तात्यासाहेबांनी फडक्याची घडी घातली.

तात्यासाहेबांची बायको द्वारकाबाई जाऊन दहा महिने झाले होते. लेकीला, अपेक्षाला विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी ती आली आणि परत जाताना आईनं आमटीसाठी केलेल्या येसराच्या पिठाचा डबा तेवढा घेऊन गेली. चमचा चमचा पुरवत तिनं तो दसऱ्यापर्यंत आणला. संपला तेव्हा फोनवर म्हणाली, "पप्पा, एकदा तशी आमटी खायला मिळाली ना, की बास." शिकायला जाताना, नोकरी धरताना, या मुलीनं बापाकडं कधी काही मागितलं नव्हतं.

सोयगावच्या बहिणीला, मुक्ताबाईंना विचारून त्यांनी माप लिहून घेतलं. दोघांच्या आईचं माप तेच होतं, आणि आईकडून द्वारकाबाई शिकलेल्या. मापटं घरातलं, कढई घरातली. एकेक धान्य वेगळं भाजायचं हेही त्यांना कळलं, हाताला दोन चटके बसल्यावर. तीनदा कुरिअर गेलं. तिन्ही वेळा अपेक्षानं व्हिडिओ लावून फोन टेकवून ठेवला, त्यांच्यासमोर आमटी खाल्ली आणि "मस्त झालीय पप्पा" म्हणाली. तिन्ही वेळा तिनं भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला सरकवला. तिची आईसुद्धा न आवडलेलं असंच सरकवायची.

"माप तेच हाय," ते आवडाबाईंना म्हणाले. "पण चव लागत नाय. कुठं चुकतंय कळंना."

"ते फडकं खिशात ठेवा आधी. चव तुम्हीच पुसून काढताय."

"म्हंजे?"

"इथं येणारी दर बाई माझ्यासंगं भांडती. गव्हावर गहूच टाका, ज्वारीवर ज्वारीच टाका, मसाल्याची चक्की पुसून घ्या. दुसऱ्याच्या घरचं आमच्यात नको. अन् तुमची बाई?" आवडाबाईंनी भिंतीकडच्या बाकड्याकडं हात केला. "तिथं बसून ऱ्हायची. दोन दोन तास. रत्नमालाबाईचा काळा मसाला दळून झाला की उठायची. म्हणायची, आता त्याच्यावरच टाका, झटकू नका. चक्कीत मूठ-दोन मूठ ऱ्हातंयच की. ते सगळं तुमच्या येसरात उतरायचं. बावीस वर्सं."

तात्यासाहेब बाकड्यावर बसले.

रत्नमालाबाई त्यांना माहीत होत्या. रुळापलीकडच्या बौद्धवस्तीतल्या, अंगणवाडीत नोकरी केलेल्या. द्वारकाबाई गेल्या त्या दिवशी त्या घराच्या फाटकाशी बराच वेळ उभ्या होत्या. त्या का आल्या, हा प्रश्न तेव्हा त्यांना पडला होता.

दरवर्षी येसराच्या दिवशी बायकोला उशीर व्हायचा. ते चिडायचे. ती म्हणायची, "नंबर होता." आणि त्यांची आई, जिनं त्या वस्तीतलं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही, ती मरेपर्यंत ही आमटी भुरकून आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या हाताखाली शिकली सून. म्हणून ही चव."

"त्या कधी येणार?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"मिरच्या वाळल्यात म्हणत होत्या. निरोप धाडते. उद्या या."

दुसऱ्या दिवशी आवडाबाईंनी शटर उघडलं तेव्हा तात्यासाहेब डबा घेऊन पायरीवर बसले होते.

रत्नमालाबाई दहाच्या सुमारास आल्या. त्यांनी आधी डबा ओळखला, मग माणूस. काही न विचारता त्या म्हणाल्या, "आवडाबाई, आधी माझं घ्या. त्यांचं माझ्यावर असतंय."

मग तात्यासाहेबांकडं वळून, "भाऊ, तुमच्या घरात ठाऊक नव्हतं व्हय?"

"कालच कळलं."

"मी म्हणलं होतं त्यांना, वाटीभर मसाला न्या की सरळ. तर म्हणाल्या, वाटी नेली तर सासूबाई इचारतील कुठून आणली. चक्कीला कोण इचारतंय?" त्यांनी आपला डबा ओट्यावर ठेवला. "आवडायचं का हो तुमच्या आईला?"

"बोटं चाटायची."

रत्नमालाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. आवडाबाई तर हात चक्कीवर टेकवूनच हसायला लागल्या. तात्यासाहेबही हसले, आणि हसता हसता त्यांना ते पांढरं फडकं काढून डोळे पुसावे लागले.

काळा मसाला दळून झाला. आवडाबाईंनी चक्कीला हात लावला नाही, की ती झटकली नाही. त्याच्यावरच येसर ओतलं.

तात्यासाहेब चक्कीच्या तोंडाशी वाकून पाहत राहिले. आधी पडलं ते पीठ काळंच होतं. मग गडद तपकिरी झालं. हळूहळू फिकट होत गेलं, आणि शेवटी तिन्ही वेळा आलं होतं त्या रंगावर आलं. त्यांनी हात खाली धरला. पीठ गरम होतं. दहा महिने घरात नसलेला वास त्या ओंजळीतून वर आला. वर्षातून दोन तास हे पाहायला ती इथं बसायची, आणि घरी येऊन नंबर होता म्हणायची. ते तसेच वाकून राहिले. आवडाबाईंनी चक्की बंद केली तरी त्यांनी हात काढला नाही.

अकरा दिवसांनी अपेक्षानं फोन टेकवून ठेवला आणि ताट पुढं ओढलं. पहिला घास घेतला. या वेळी ती मस्त म्हणाली नाही. मान खाली घालून खात राहिली. भाकरी संपली तशी तिनं वाटी बोटानं पुसून घेतली.

"पप्पा," ती म्हणाली. "आईनं केलेला अजून एक डबा राहिला होता ना? कुठं सापडला?"

तात्यासाहेबांनी स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं.

"गिरणीत," ते म्हणाले.