ठिपका घरीच आहे

मावशीची शिवणकामाची खोली तळघरात होती. खिडकी नाही, मोबाईलला रेंज नाही. म्हणून तर तिची भाची इथे आली होती. बंद फोन हातात धरून ती मशीनशेजारच्या स्टुलावर बसली होती आणि तो चालू करायचा धीर काही तिला होत नव्हता.

चालू तर करायलाच हवा होता. दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहात तिने जागा मागितली होती आणि होकार याच फोनवर येणार होता. पण याच फोनवर नवऱ्याने ते ॲपही बसवलं होतं. ती कुठे आहे ते त्याला नकाशावर निळ्या ठिपक्याने दिसे. कोपऱ्यावर भाजीला गेली तरी लगेच फोन. "माणूस खोटं बोलतो, ठिपका बोलत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. अलीकडे तर कामावर जाताना तो बाहेरून कुलूपच घाली. मावशीने त्याला कधी जावई म्हटलंच नाही, पहारेकरी म्हणायची.

आज पहारेकरी घाईत कुलूप विसरला. हिने फोन बंद केला, पिशवीत चार कपडे कोंबले, वर आपला वायफायचा डबाही घातला आणि दार ओढून निघाली. लोकांची भाषणं ऐकून घरबसल्या टाईप करून द्यायचं तिचं काम त्या डब्यावरच चाले. तिच्या पहिल्या कमाईचा डबा, तो काय त्याच्यासाठी ठेवून यायचा?

मावशीचा डबा कधीचाच जळाला होता, पण इंटरनेटची तार शाबूत होती. तिने आपला डबा जोडला, दिवे लागले, आणि मन घट्ट करून फोन चालू केला. जमिनीखाली उपग्रहाला आपण थोड्याच दिसणार, असा तिचा हिशेब.

लगेच नवऱ्याचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "फोन बंद दिसला म्हणून काम टाकून धावत आलो. आता दिसतोय हं तुझा ठिपका."

"मावशी, त्याला कळलं गं!" पिशवी उचलून ती जिन्याकडे धावली. अर्ध्या पायऱ्या चढते तोच पुढचा निरोप वाजला. त्याच्या आवाजामागे कपाटाची दारं आपटत होती.

"कपाटात नाहीस. माळ्यावर आहेस का? वायफाय काढून लपवलंस, मला कळत नाही होय? घरातून हलली नाहीस तू."

ती जागीच थबकली. तिने नकाशा उघडला. दोन ठिपके, तिचा आणि त्याचा, एकावर एक, त्यांच्याच घरावर. क्षणभर तिला वाटलं, आपण खरंच तिथेच आहोत. तिने हात लावून भिंत पाहिली; तळघराची ओल हाताला लागली.

मग तिला मागे कधीतरी टाईप केलेलं एका बाईंचं व्याख्यान आठवलं. फोनला उपग्रह दिसला नाही की तो आसपासचे वायफायचे डबे बघतो. कुठला डबा कुठल्या घरात असतो, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनांनी आधीच टिपून ठेवलेलं असतं. इथे एकच डबा होता, तिचा. आणि तो घर सोडून आलाय, हे अजून कुणाला माहीतच नव्हतं.

म्हणजे वर, उघड्यावर, एक पाऊल टाकलं असतं तर फोनने खरा पत्ता सांगून टाकला असता. ती पायरी-पायरीने खाली आली.

"बंद कर ते मेलं!" मावशीने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस!" ती किंचाळली. मावशीवर ती जन्मात कधी ओरडली नव्हती. "ठिपका गेला तर तो घराबाहेर पडेल. आणि पहिल्यांदा येईल तुझ्याकडेच."

मावशीने हात मागे घेतला. दोघी डब्याच्या दिव्यांकडे बघत बसल्या. निरोप येतच होते. त्यांत माळ्यावरची भांडी कोसळली. गादी फाटल्याचा आवाज आला. "आता पलंगाखाली बघतो," तो म्हणाला, आणि इथे स्टुलावर तिने पाय वर ओढून घेतले.

शेवटी वसतिगृहाचा मेसेज आला. जागा होती, संध्याकाळपर्यंत या. तिने पत्ता मनात दोनदा घोकला आणि फोन डब्याशेजारी ठेवला.

"मावशी, माझी गाडी सुटली की आधी फोन बंद कर, मग डबा. उलटं करू नकोस. आणि आज माझ्यासाठी म्हणून थोरल्या मामाकडे राहायला जा."

"जाते गं. तू नीघ आधी."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या खेपेला त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणालाच ती सगळ्यात जास्त भ्यायची.

"ठीक आहे. बाहेरून कुलूप घातलंय. मी पायरीवर बसलोय. भूक लागली की हाक मारशील."

मावशीने तोंडाला पदर लावला. ती हसतेय की रडतेय, ते कळेना.

भाची जिना चढून रस्त्यावर आली. भर उन्हात सगळ्यांना दिसत होती. हात सवयीने फोन चाचपायला पिशवीत गेला आणि रिकामाच बाहेर आला. भीती होतीच, पण पाय गाडीच्या दिशेनेच पडत होते. तिकडे तिच्या दाराला कुलूप होतं, आणि आत कुणीच नव्हतं.