पाटीवरचा एक

डायमंड लीगच्या वर्षाला चौदा-पंधरा मीट, म्हणजे स्पर्धा, होतात. चीनपासून सुरुवात होते, मग सगळा उन्हाळा युरोपात जातो. जगातले वेचून काढलेले धावपटू, उड्या मारणारे, भाला फेकणारे तिथं येतात. मी त्यातल्या लांब पल्ल्याच्या सगळ्या शर्यती दापोडीच्या माझ्या दोन खोल्यांत बसून मोबाइलवर बघतो. नुसता बघत नाही, फेऱ्या मोजतो. समोर आखलेला कागद, हातात पेन, चष्म्याला दोरी. शर्यत संपली की कागद फाइलला लावतो. बिनचूक मोजलं हे सांगायला घरात कुणी नसतं, कारण आमच्या सौभाग्यवती कुसुमताई दोन वर्षांपासून नातवासाठी बेंगळुरूला आहेत. फोनवर सांगितलं तर म्हणतात, मोजा, मोजा, तुम्हाला दुसरं काय काम आहे. लग्नाला चाळीस वर्षं झाली की बायको खरं बोलायला लाजत नाही.

मी सोपानराव. पिंपरीतल्या एका कंपनीत टूलरूमला होतो आणि सुट्टीच्या दिवशी जिल्ह्याच्या अॅथलेटिक्स स्पर्धांना पंच. माझं काम एकच, फेऱ्या मोजायच्या. कागदावर रेघा मारायच्या, पाटीवर उरलेल्या फेऱ्यांचा आकडा दाखवायचा आणि शेवटची फेरी सुरू झाली की घंटा वाजवायची. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं? पाच हजार मीटरला साडेबारा फेऱ्या असतात. त्या अर्ध्या फेरीनं भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलंय. पंचवीस वर्षांत मी एकदाही चुकलो नव्हतो, आणि नेमका त्याच गोष्टीसाठी संघटनेनं माझा सत्कार ठेवला.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्य स्पर्धा, मुलींची पाच हजारची शर्यत. पाहुणे दोन तास उशिरा आले, त्यांना पुढं लग्नाला जायचं होतं, म्हणून शर्यत सुरू व्हायच्या वेळीच मला मंडपात बोलावलं. मला नाही म्हणता आलं असतं. पण शालीचा मोह कुणाला सुटलाय? मी गेलो. शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला मान वळवून उभा राहिलो. तेवढ्यात मुली पहिली अर्धी फेरी पळून रेषेवरून गेल्या. माझा जोडीदार ज्योतीराम, त्यानं माझ्या कागदावर त्या अर्ध्या फेरीची रेघ मारून ठेवली. मी धावत आलो आणि त्याच अर्ध्या फेरीची दुसरी रेघ मारली. त्यानं काही विचारलं नाही, मीही नाही. पंचवीस वर्षं न चुकलेल्या माणसाला कोण विचारतं?

निलोफर सगळ्यात पुढं होती. आमच्याच गल्लीतल्या इकबालची मुलगी, अठरा वर्षांची. इकबालचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. तो रोज पहाटे तिला मैदानावर सोडून मगच शटर उघडायचा. त्या दिवशी तोवरची पाटी ज्योतीरामच आपल्या मोजणीनं बदलत होता, शेवटच्या फेरीला ती मी हातात घेतली. निलोफर रेषेजवळ आली तेव्हा मी पाटीवर एकचा आकडा लावला आणि घंटा वाजवली. तिनं पाटीकडं बघितलं आणि जीव खाऊन सुटली. ज्योतीरामनं माझं मनगट धरलं. अजून दोन आहेत, म्हणाला. मी घंटा थांबवली, पाटी बदलून दोन केलं. मागच्या मुलींना दोनच दिसलं. निलोफर ती फेरी तुफान पळाली, रेषेवर पोचून थांबली आणि गवतावर आडवी झाली. लोक ओरडले तेव्हा उठली, पुन्हा पळाली, पण पायात काही उरलं नव्हतं. चौथी आली. पहिल्या दोघींची राष्ट्रीय शिबिराला निवड झाली. दुसरी होती राजगुरुनगरची दिपाली.

इकबालनं तक्रार केली. मी अहवालात लिहिलं की शाल सावरताना घंटा हातून हलली, पाटीवर मात्र दोनचाच आकडा होता, आणि धावणाऱ्यानं आपल्या फेऱ्या आपण मोजायच्या असतात. खांद्यावर शाल तशीच होती. जुना कागद फाडला, नवा लिहिला. ज्योतीराम काही बोलला नाही. इकबालनं अहवाल वाचला, मला नमस्कार केला आणि मुलीला घेऊन गेला. त्यानंतर तो मला दिसला की मान हलवायचा. मी मात्र स्कूटर बंद पडली तरी ढकलत कासारवाडीच्या मेकॅनिककडं न्यायचो.

यंदा दिपालीला डायमंड लीगचं बोलावणं आलं. चीनमधली मीट, पाच हजार मीटर. आमच्या पट्ट्यातून तिथं पोचलेली ती पहिलीच, त्यामुळं एका वार्ताहरानं तिची जुनी माहिती जमवायला मला फोन केला. त्यानं राज्य स्पर्धेबद्दल विचारलं आणि मी अहवालातलं तेच सांगितलं. सात वर्षांत जिभेला इतकी सवय झाली होती की थांबायचंही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं: आघाडीवरची निलोफर फेरी मोजायला चुकली आणि दिपालीचं नशीब उघडलं. नावानिशी. निलोफर आता चाकणकडच्या एका कंपनीत कामाला आहे आणि ज्योतीरामची भाचीही तिथंच आहे. भाचीकडून कळलं की कँटीनमध्ये पोरी निलोफरला पाढे म्हणून दाखवतात.

ज्योतीरामनं हे सांगितलं आणि पहिल्यांदाच वर म्हणाला, "सोपान, आपण दोघं मेल्यावर हे कुणालाच माहीत राहणार नाही." शनिवारी शर्यत होती. मी ठरवलं, तिच्या तोंडावर सांगायचं.

भोसरीला बस बदलली, कुरुळी फाट्याला उतरून शेअर रिक्षानं निघोज्याला गेलो. निलोफर तिथं भाड्याच्या खोलीत राहते. घरमालकीण विमलबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. कोन पायजे, तिचे कोन लागता, हितं पुरुष मानसं येत न्हाईत, अशी माझी पुरती उलटतपासणी झाली. मी म्हटलं, तिच्या गल्लीतला काका आहे. पहिली शिफ्ट करून निलोफर चारला आली. अंगात कंपनीचा शर्ट, केस घट्ट बांधलेले. मला ओळखलं, सलाम केला, पाणी आणून दिलं. काही कडू बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

आल्याआल्या सांगायचं होतं, ते जमलं नाही. मी म्हटलं, दिपालीची शर्यत आहे, बघायची का? ती हो म्हणाली. विमलबाईंच्या ओट्यावर, त्यांच्या नजरेसमोर, आम्ही मोबाइल तांब्याला टेकवून बसलो. मी सवयीनं कागद काढला. तिनं तो बघितला आणि नजर बाजूला घेतली.

शर्यत सुरू झाली. पहिल्या काही फेऱ्या पुढं पळून वेग लावून देणारी एक मुलगी होती, तिच्यामागं इथिओपियाच्या आणि केनियाच्या मुली, दिपाली शेवटून दुसरी. निलोफर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सात वर्षांत मी पहिल्यांदाच कुणाच्या शेजारी बसून शर्यत बघत होतो. खरं सांगतो, कशासाठी आलोय ते विसरून मला बरं वाटायला लागलं होतं.

मध्येच चित्र अडकलं. चाकणच्या पट्ट्यात शिफ्ट सुटली की नेटवर्क असंच जातं. दोन मिनिटं गेली, तीन गेली. मी घड्याळाकडं बघून अंदाज बांधला आणि म्हणालो, सहा उरल्या असतील. ती हळूच म्हणाली, "पाच." आणि लगेच माझ्याकडं वळली. "नाही काका, तुमचंच बरोबर असेल."

चित्र आलं. कोपऱ्यातल्या आकड्यात पाच फेऱ्या उरल्या होत्या. तिनं तो आकडा बघितला, तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिला तो योगायोग वाटला असावा. मला मात्र पुढं काही दिसेना. मी मोबाइल पालथा घातला.

"निलोफर, त्या दिवशी पाटीवर एक होता."

मी सगळं सांगितलं. शाल, ज्योतीरामची रेघ, माझी रेघ, बदललेली पाटी, फाडलेला कागद, परवाचा वार्ताहर. विमलबाईंचा हात लसणावर थांबला होता.

"म्हणजे मला खरंच एक दिसला होता," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या मोजणीनं दोन होत्या. मला पक्कं माहीत होतं. पण पाटीवर एक दिसला, आणि पाटी तुमच्या हातात होती, म्हणून मी माझी मोजणी सोडली. नंतर सगळे म्हणाले, पाटीवर दोन होता." तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "कंपनीत मला इन्स्पेक्शनला घेत होते, दोनदा. मी नको म्हटलं. मी पॅकिंगलाच आहे. तिथं मी मोजलेलं दुसरं कुणीतरी तपासतं."

मी माफी मागितली. तिनं स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्यापुढं धरला. "अब्बा आहेत. त्यांना सांगा."

पलीकडं गॅरेजचा खडखडाट होता. इकबालनं आवाज ओळखला, अदबीनं तब्येत विचारली. मी सांगायला सुरुवात केली. मध्येच तिकडं चालू असलेली गाडी कुणीतरी बंद केली, त्यानंतर माझाच आवाज मला फार मोठा ऐकू येत होता. सांगून झालं.

मग इकबाल म्हणाला, "सोपानराव, मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं होतं. डोळे चांगले निघाले. म्हणून मग डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं."

निलोफरनं फोन उचलून कानाला लावला आणि उठून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की ती डाव्या हातानं भिंत धरून रडत होती. आणि मला तिथं बसायची लाज वाटत होती, तरी उठवत नव्हतं. घरून निघताना मी समजत होतो की मला माफी हवी आहे. खरं म्हणजे मला कुणाची तरी सोबत हवी होती, आणि ती मागायला मी त्याच पोरीच्या दारात आलो होतो जिला मी सात वर्षं एकटं पाडलं.

बोलणं झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि परत आली. माझा मोबाइल सुलटा करून बघितला. शर्यत संपली होती, दिपाली अकरावी आली होती. निकाल तिनं शांतपणे वाचला, मोबाइल माझ्या हातात दिला, माझा कागद घडी करून वर ठेवला.

"अब्बा निघालेत इकडं यायला. ते पोचायच्या आत तुम्ही जा, काका."

मी चप्पल घातली. फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून विमलबाई तिला विचारत होत्या, किती वाजता येत्याल गं वडील, दोन मानसांचा सैपाक करू का तिघांचा? निलोफर म्हणाली, "तिघांचा. तुम्ही, अब्बा आणि मी. मी मोजलंय."