ऑर्फन आणि अर्भक

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे सुलतानाला भान आलं की समोर उर्वशी केव्हाची गप्प बसून आहे.

उर्वशी जवळच्या खेड्यातली, धानवाल्या घरची. नर्सिंगच्या परीक्षेसाठी सिंदेवाहीत सुलतानाकडे इंग्रजी शिकायला यायची. शिकवणी आज महिनाभरानं उघडली होती.

"बाई, मी दुसरा शब्द घेतो नं."

"काऊन? परीक्षेत आला तं पेपरवाल्याले म्हणशील काय, दुसरा दे म्हणून?"

उर्वशी ओशाळून हसली. शब्द होता ऑर्फन. अनाथ.

सुलताना नेहमीसारखी शब्दाच्या मुळाशी गेली. इंग्रजीत तो लॅटिनमधून आला, तिथे ग्रीकमधून. त्याच्याही मागे हजारो वर्षांची एक भाषा, कुणी लिहून न ठेवलेली. जाणत्यांनी तिच्या लेकीनाती भाषांवरून मूळ जुळवलं, ओर्भ. ज्याचं माणूस हिरावलं तो.

"त्याच मुळाचा आपला अर्भक."

"अर्भक म्हंजे तं लेकरू! लेकरू आन अनाथ एकच काय, बाई?"

"मुळाशी एकच. आन लॅटिनमधला ऑर्बा तं जिचं लेकरू गेलं त्या बाईलेही..."

तिनं वही मिटली. उर्वशीनं उठून गॅस बंद केला.

दवाखान्याच्या कागदावर तेवढंच होतं: सुलतानाचे अर्भक, पुरुष. सातव्या दिवशी अकीका व्हायचा होता, त्यातच नाव ठेवायचं होतं. बाळ सहाव्या दिवशीच गेलं. नाव मात्र तिनं पोटात असतानाच ठरवलं होतं, नवऱ्याला, फैजलाही न सांगता.

फोन वाजला. नगरपंचायतीतून फैजच होता.

"दाखला लिहून राह्यले. आपल्या बाबूचं नाव काय सांगू? बोल नं, सुलताना."

ओठाशी आलेलं नाव तिनं गिळलं. ज्या नावानं एकदाही हाक मारली नाही, ते पहिल्यांदा लिहायचं ते मरणाच्या कागदावर?

"नावाचा रकाना कोराच राहू द्या," ती म्हणाली.

पलीकडे फैजनं तसंच लिहून घ्यायला सांगितलं. मग त्यानं फोन ठेवला.

पाच वर्षांची कहकशाँ दारात उभी राहून सारं ऐकत होती. ती हळूच येऊन आईच्या मांडीला टेकली.

"अम्मी, बाबूले नावच नाई, तं अल्लामियाँ त्याले काय म्हणून बोलावत असन?"