बोललं की नागीण परतते

शनिवारी सकाळी आठच्या आतच ऑनेझिमच्या घरासमोर दोन्ही बाजूंनी पिकअप उभ्या होत्या, आणि ज्यांना रस्त्यावर जागा मिळाली नाही त्यांनी गाड्या सरळ भाताच्या खाचरात घातल्या होत्या. अंगणातल्या पेकानच्या झाडाखाली घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं आणि माणसांच्या मांडीवर कॉफीचे थर्मास. कुणी शर्ट एका बाजूनं उचलून धरलेला, कुणी कंबरेला ओला टॉवेल गुंडाळलेला. नागीण झालेला माणूस लांबून ओळखू येतो, कारण तो स्वतःच्याच कपड्याला घाबरून चालतो.

व्हरांड्यात आमचे ऑनेझिमबुवा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात क्रूस, हातात लाल दोऱ्याचं रीळ. आमच्या प्रेरीत, या सपाट गवताळ मुलखात, मंत्रानं उपचार करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ती पैसे घेत नाहीत, आभारही मानू देत नाहीत. ऑनेझिमही पैशाला शिवत नसे. व्हरांड्यात एक मोठा फ्रीझर मात्र ठेवलेला होता, आणि येणारे-जाणारे त्यात आपण होऊन बदकं, डुकराचं सॉसेज, सोललेल्या क्रॉफिश झिंग्यांच्या पिशव्या टाकून जात. फ्रीझर भरला तर बुवा तरी काय करणार?

"डॉक्टर वरवर बघतो," बुवा सांगत होते. "मी आग कुठून निघाली आणि कुठे चालली ते बघतो. नागीण कंबरेला वेढा घालते. शेपूट तोंडाला मिळाली की माणूस गेला. तीस वर्षं हा धागा बांधतोय मी. माझ्या धाग्यापुढे एकाचा तरी वेढा पूर्ण झालाय का? दाखवा एक माणूस."

कुणीच दाखवू शकलं नाही, कारण तसा माणूस नव्हताच. बुवा नऊ गाठींचा धागा कंबरेला बांधत, काहीतरी पुटपुटत, आणि तीन आठवड्यांनी धागा आपोआप गळून पडे. धागा गळायचा आणि फोडही गेलेले असायचे. लोक थक्क होत.

त्यांचे नियम चार. पैसे द्यायचे नाहीत. आभार मानायचे नाहीत. घरी जाताना मागे वळून बघायचं नाही. हे तीन जुनेच. चौथा बुवांचा स्वतःचा. धागा गळाल्यावर त्या दुखण्याबद्दल कुणाशी अक्षर बोलायचं नाही. बोललं की नागीण परतते.

हल्ली पाचवाही आला होता. गावातल्या औषधाच्या दुकानात पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीची लस आल्याची पाटी लागली, आणि त्याच आठवड्यात बुवांना साक्षात्कार झाला की सुईनं रक्त बाटतं आणि बाटलेल्या रक्ताला धागा धरत नाही. त्यामुळे पन्नाशीच्या पुढचे लोक ती पाटी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जात.

मी एल्मिर. तेवीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो आणि माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी झाडाला टेकून गप्प उभी होते. रांगेत सातव्या खुर्चीवर माझी धाकटी बहीण ओदील बसली होती.

ओदील मार्दी ग्राचे, म्हणजे आमच्या सोंगांच्या सणाचे, पोशाख शिवते. रंगीत कापडाच्या झालरी, टोकदार टोप्या, जाळीचे मुखवटे. दोन-तीन गावं तिच्या सुईवर नाचतात. गुरुवारी तिच्या डाव्या भुवईवर जळजळ सुरू झाली, शुक्रवारी कपाळावर फोड उठले, संध्याकाळपर्यंत पापणी मिटली, आणि शनिवारी पहाटे नाकाच्या शेंड्यावर एक फोड दिसला. तिनं मला फोन करून सांगितलं की ऑनेझिमकाकांकडे ने, नाहीतर शेजाऱ्याला सांगते. तिला त्या डोळ्यानं गाडी चालवता येत नव्हती. मी गाडी काढली. वाटेत सगळं सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. अर्धा तास गाडी चालवली, आणि माझ्या तोंडातून फक्त हवामानाच्या गोष्टी निघाल्या.

कारण तीन वर्षांपूर्वी मीही त्याच अंगणात बसले होते.

माझी नागीण डाव्या बाजूला, छातीखाली. बुवांनी धागा बांधला, तीन आठवड्यांनी तो गळाला, फोड गेले. दुखणं गेलं नाही. अजून गेलेलं नाही. त्या जागी कुणी गरम सळई टेकवून ठेवल्यासारखं असतं. गाडीचा पट्टा लावायचा तर खाली उशी ठेवते. झोपताना गाऊनचा स्पर्श नको होतो. आणि हे मी कुणाला सांगितलं नाही. नियमाची भीती होती हे खरं, पण त्याहून जास्त लाज होती. सगळं गाव बरं झालं होतं. मीच तेवढी बरी झाले नाही, म्हणजे खोट माझ्यातच, माझ्या श्रद्धेतच असणार, असं मी धरून चालले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

शेवटी गेल्या हिवाळ्यात मी औषधाच्या दुकानात जाऊन बधिर करणाऱ्या चिकटपट्ट्या मागितल्या. काउंटरवर लिएन होती. तिचे आईबाप व्हिएतनामहून आले आणि कोळंबीच्या बोटीवर राबले. ही पोरगी शिकून फार्मासिस्ट झाली. मी तिला म्हटलं की गुडघा दुखतोय. तिनं मान हलवली आणि म्हणाली की पट्ट्या संपल्या आहेत, दर महिन्याला संपतात, या गावाचे गुडघे फार दुखतात. मग माझ्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, "मावशी, तुमचा गुडघा बरगडीवर आहे का?"

मी तिथेच रडले. आणखी कोणाकोणाचे गुडघे असे आहेत ते तिनं सांगितलं नाही, सांगणारही नव्हती. पण मी एकटी नाही एवढं मला कळलं. मग तिनं औषधाच्या खोक्यावर पेननं पाठीचा कणा काढला आणि मला समजावलं. लहानपणी ज्या कांजिण्या येऊन जातात, त्यांचा विषाणू जात नाही. तो कण्याजवळच्या एखाद्या नसेत दबा धरून बसतो. वय झालं, अंगातली ताकद उतरली, की उठतो. कण्यातून नसा जोडीनं निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि प्रत्येक नस शरीराच्या मध्यापर्यंतच जाते. विषाणू उठतो तो बहुधा एकाच नसेत. म्हणून नागीण अर्ध्या अंगावर थांबते. धागा बांधा, सुतळी बांधा, नाहीतर काहीच बांधू नका, वेढा पूर्ण होत नाही. फोड तीन-चार आठवड्यांत आपोआप सुकतात. आणि रोज आंघोळीत भिजणारा सुती धागाही साधारण तेवढाच टिकतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

त्या शनिवारी पहाटे मी लिएनला फोन केला होता. नाकाच्या शेंड्यावर फोड आहे म्हटल्यावर तिचा आवाज बदलला. ती म्हणाली की नाकाच्या शेंड्याचीच नस डोळ्यात जाते, आजच्या आज शहरात, लाफायेतला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, विषाणूवरचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर खरं. गुरुवारपासून मोजलं तर तो तिसरा दिवस होता, आणि ओदील सातव्या खुर्चीवर बसून धाग्याची वाट बघत होती.

बुवांनी तिला लांबूनच पाहिलं. डोळ्यावरची नागीण म्हणजे मोठं गिऱ्हाईक. त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि रिळावरून लांब दोरा ओढला.

"हा धागा डोक्याला बांधायचा," ते म्हणाले. "तीन आठवडे डोळ्यात थेंब नाही, तोंडात गोळी नाही. आणि घाबरू नकोस, पोरी. तुझ्या घरातच साक्ष आहे. विचार तुझ्या ताईला. एल्मिर, सांग हिला, तुझा वेढा पूर्ण झाला का?"

सगळं अंगण माझ्याकडे बघू लागलं. ओदीलही, एका डोळ्यानं.

"नाही झाला," मी म्हटलं.

"ऐकलंत?"

"पण दुखतं," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली. आत्ताही दुखतंय."

बुवांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग कीव. त्यांनी डोळे मिटले, क्रूस हातात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बोललीस. नियम मोडलास, एल्मिर. आता ती परत येणार."

"परत यायला ती गेली होती कुठे?"

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. बुवा हात पुढे करून म्हणाले की हिचा विश्वास कच्चा, म्हणून हिला गुण आला नाही. हेच तर मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि माझी सगळी लाज जाऊन नुसता संताप उरला.

पहिल्या खुर्चीवर भातवाला क्लोव्हिस बसला होता. पाच दिवसांची नागीण, अजून धागा नाही. मी त्याला म्हटलं, शर्ट काढ. बसमध्ये असताना त्यानं माझं कधी ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. मी त्याला सगळ्यांकडे पाठ करून उभं केलं. उजव्या बाजूला लालभडक पट्टा, आणि मणक्यापाशी सुरीनं कापल्यासारखा थांबलेला. मग त्याला समोर वळवलं. बेंबीपाशी तसाच थांबलेला.

"हा पाच दिवसांत इथवर आला आणि मधोमध थांबला," मी म्हटलं. "धागा अजून रिळावर आहे. मग याला अडवलं कुणी?"

लोक खुर्च्यांवरून उठून क्लोव्हिसची पाठ बघायला आले. मग एकमेकांच्या पाठी बघू लागले. कुणाची डावी, कुणाची उजवी, पण मणका ओलांडलेली एकही नाही. मी लिएननं सांगितलेलं सगळं मोठ्यानं सांगितलं, शेवटच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात. आणि शेवटी विचारलं की धागा गळाल्यावरही ज्यांना दुखतंय त्यांनी हात वर करा.

एकही हात वर झाला नाही. बुवांनी हसून रीळ परत उचललं. तेवढ्यात सॉसेजची पिशवी घेऊन फ्रीझरपाशी आलेल्या म्हाताऱ्या तेओझिमनं ती पिशवी खाली ठेवली. त्याला नागीण होऊन पाच वर्षं झाली होती. "नातवाला मांडीवर घेता येत नाही मला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. मग बेकरीवाल्या नोएमीनं हात वर केला. मग आणखी दोघांनी. चौघं आणि मी. बाकीचे खरंच बरे झाले असतील, बहुतेक होतातच. पण बुवांच्या हिशेबी सगळेच बरे झाले होते, कारण न झालेल्यांच्या तोंडाला कुलूप होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळा चमत्कार त्या चौथ्या नियमात होता, धागा नुसता दाखवायला.

बुवा ओदीलकडे वळले. "तुझी मर्जी, पोरी. एकदा सुई लागली की मग माझ्याकडे यायचं नाही."

ओदील माझ्याकडे बघत होती.

"तीन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं."

"काल रात्री मी तुला विचारलं होतं, ताई. काकांचा गुण येतो ना म्हणून. तू हो म्हणालीस."

ती उठली, माझ्या हातातून किल्ली हिसकावून घेतली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली, तीही चालवायच्या जागी. तिला तिथून उठवून मी गाडी लाफायेतला नेली, आणि वाटभर ती खिडकीकडे तोंड करून बसली. डॉक्टरांनी तपासलं, त्याच दुपारी गोळ्या आणि थेंब सुरू केले, आणि तुम्ही आणखी दोन दिवस थांबला असतात तर काय झालं असतं ते न विचारता सांगितलं.

डोळा वाचला. तसाच्या तसा नाही. त्या डोळ्याला ऊन सोसत नाही आणि सुई ओवताना ती आता भिंग घेते. पण ओवते. माझ्यावरचा राग जायला तिला पंधरा दिवस लागले. सोळाव्या दिवशी ती माझ्या दारात आली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "अजून दुखतं का गं?" तीन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. ती माझ्याशेजारी बसून राहिली.

उन्हाळ्यात आम्ही दोघींनी लस घेतली. एकदा होऊन गेली तरी नागीण पुन्हा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी दोघींनाही घ्यायला सांगितली. दोन टोचण्या, काही महिन्यांच्या अंतरानं. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या टोचणीनंतर माझा दंड ठणकला, एक दिवस ताप आला आणि मी सगळ्यांवर खेकसले. दुसऱ्या दिवशी उठून क्रॉफिश उकडले. लस माझं जुनं दुखणं काढत नाही हे लिएननं आधीच सांगितलं होतं. पुढची नागीण तिनं बहुतेकांची टळते, सगळ्यांची नाही, हेही सांगितलं. जो माणूस आपल्या औषधाला काय जमत नाही ते आधी सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवते.

ऑनेझिमकडे अजून लोक जातात, पूर्वीपेक्षा कमी. बुवांनी सहावा नियम काढला आहे, की रांगेत शर्ट काढायचा नाही. काढू देत. मला एकच सांगायचं आहे. चमत्कार करणाऱ्याला विचारू नका, ज्याच्यावर झाला त्याला विचारा, आणि महिन्यानं नाही, वर्षानं विचारा. ज्या औषधाबद्दल बोलायची बंदी आहे, ते औषध घेऊ नका. आणि फसलेले तुम्हीच असाल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. मी गप्प राहिले, आणि माझी सख्खी बहीण माझ्याच गप्प राहण्यावर भरवसा ठेवून आपला डोळा त्या माणसाच्या हातात द्यायला गेली होती.